नवा इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा भाग) बसवलात, आता व्हॅक्यूम पाइप कसे जोडाल?

अवघड काम तुम्ही आधीच केलंय, त्यामुळे पाइपांचं जाळं बघून घाबरू नका.

सुरुवात ब्रेक बूस्टरपासून (व्हॅक्यूमच्या जोरावर ब्रेक दाबायला मदत करणाऱ्या डब्यापासून) करा. त्याला थ्रॉटलनंतरचा (हवेच्या मुख्य झडपेपुढचा) मोठा पोर्ट, म्हणजे पाइप जोडायचं तोंड, स्वतंत्र द्या; त्यात टी (तीन तोंडांचा जोड) घालून दुसरं काहीही जोडू नका. चेक व्हॉल्व्हची (एकतर्फी झडपेची) दिशाही बघा, हवा बूस्टरकडून इंजिनकडेच जायला हवी. मग इंजिन बंद असताना पेडल ४-५ वेळा दाबा, दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं नाही, तर गाडी रस्त्यावर काढायचीच नाही.

मॅप सेन्सरचा (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या सेन्सरचा) पाइप प्लेनमवरून (मॅनिफोल्डच्या सामाईक हवाकक्षावरून) घ्या. एकाच रनरवर (एका सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीवर) दाब सतत हेलकावतो.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- रिकामे पोर्ट उघडे राहणे. घट्ट रबरी टोपी लावा.
- मऊ पाइपाला तीव्र वळण देणे. गरम झाल्यावर तो आतून चिकटतो.
- पाइप एक्झॉस्टला टेकणे.

पीसीव्हीचा (क्रँककेसमधले वायू परत इंजिनात ओढणाऱ्या व्हॉल्व्हचा) पाइप तर हमखास विसरला जातो, तो आठवणीने जोडा.

आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) वरखाली होत असेल, तर ट्यूनिंगला हात लावू नका. आधी हवेची गळती शोधा. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.