80 सेंमीच्या सर्क्युलर सुईवर (मधल्या वायरने जोडलेल्या दोन सुया) बाळाचे मोजे गोल विणता येतात का? ठाण्यात घराजवळ गोल विणायचा, दोन्हीकडे टोकं असलेल्या पाच सुयांचा सेट मिळाला नाही.

हो, आरामात येतात, मी गेले दोन मोजे त्याच सुईवर विणलेत. सगळे टाके घालून झाले की ते मधल्या वायरवर सरकवा, बरोबर अर्ध्यावर दोन टाक्यांच्या मधून वायरचा लूप बाहेर ओढा, म्हणजे अर्धे टाके पुढे अर्धे मागे. मग पुढचे मागच्या सुईने विणायचे, फिरवायचं, परत तेच. गोल विणताना साध्या विणीला फक्त सुलटच येतं, उलट ओळ लागतच नाही, हे फार सुख आहे! जोडायच्या आधी सगळ्या टाक्यांची कड खाली आहे ना ते नीट बघा, पीळ राहिला तर चार ओळींनंतर उसवण्याशिवाय इलाज नाही. बाजू बदलली की पहिले दोन टाके जरा ओढून विणा नाहीतर तिथे शिडीसारखी फट दिसते. फक्त वायर मऊ हवी, कडक असेल तर गरम पाण्यात दोन मिनिटं बुडवून सरळ करा. आणि आपल्याकडच्या उकाड्यात घामाने लोकर सुईवर अडकते, पंख्याखाली बसा. मोठ्यांच्या स्वेटरचं अंग याच सुईवर लूपशिवाय होईल, बाह्या मात्र लूपनेच.