नाताळच्या सुट्टीनंतरचे पहिले दिवस

प्रिय बाय,

नाताळची सुट्टी संपून शाळा भरली की पहिल्या दिवशी कुठला धडा घ्यावा, असं तू विचारलं आहेस. पहिल्या दिवशी धडा घेऊच नकोस. दहा-अकरा दिवसांत मुलं वाचायला विसरत नाहीत, बेरीजही विसरत नाहीत. विसरतात ती वर्गात वागायची रीत. वही कधी काढायची, बोलायचं असेल तर काय करायचं, एक काम संपून दुसरं सुरू होईपर्यंत जागेवर कसं थांबायचं, हे सगळं सैल झालेलं असतं. जूनमध्ये ही सवय लावायला तुला महिना लागला असेल, आता तीन-चार दिवस पुरतात. पण ते दिवस दिले नाहीत, तर सबंध जानेवारी ‘गप्प बसा’ म्हणण्यात जातो.

आधी झोपेचं बघ, कारण निम्मी गडबड तिथूनच येते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज ९ ते १२ तास झोप लागते. आपल्याकडे गोव्यात नेमकी याच दिवसांत रात्र लांबते. नाताळ आणि नवीन वर्ष झालं की पौषात धालो, म्हणजे बायकांची रात्रीची नाच-गाणी, सुरू होतात आणि आईबरोबर मुलंही मांडावर, म्हणजे धालोच्या अंगणात, असतात. फातर्प्याची जत्रा, म्हापशाच्या बोडगेश्वराची जत्रा, गावोगावच्या देवळांत रात्रभर चालणारी नाटकं, सगळं याच सुमाराला येतं. रात्री अकराला झोपून सकाळी साडेसहाला उठवलेल्या मुलाला साडेसात तासच मिळतात. अशी मुलं वर्गात पेंगतातच असं नाही. बरीचशी उलट जास्त चुळबुळ करतात, शेजाऱ्याला ढोसतात, क्षुल्लक गोष्टीवरून रडतात. त्याला उनाडपणा समजून शिक्षा केलीस तर काहीच साधत नाही. झोपेची वेळ एका रात्रीत मागे येत नाही, रोज थोडी थोडी सरकते. म्हणून पहिल्या आठवड्यात सकाळचा अर्धा तास हलका ठेव. डोकं लावायचं काम, म्हणजे गणित किंवा नवं वाचन, त्यानंतर आणि माध्यान्ह आहाराच्या आधी उरकून घे.

पालकांना शाळा भरायच्या दोन दिवस आधी निरोप पाठव आणि त्यात एकच गोष्ट माग. ‘मुलाला रात्री साडेनऊला झोपवा, त्याआधी एक तास मोबाइल देऊ नका’, एवढंच. पाच सूचना पाठवल्यास तर एकही पाळली जाणार नाही. हॉटेलात किंवा किनाऱ्यावर काम करणाऱ्या आईबापांचा हा ऐन हंगाम असतो, घरी यायला त्यांना मध्यरात्र होते. त्या घरांत निरोप आजीपर्यंत किंवा थोरल्या बहिणीपर्यंत पोचायला हवा. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी मूल उशिरा आलं तरी चालेल पण घरी ठेवू नका, असंही सांगता आलं तर बरं. मात्र त्याला मुख्याध्यापकांची संमती आधी घे.

शाळा भरायच्या आदल्या दिवशी तासभर वर्गात जा. भिंतीवरचे तक्ते निम्मे उतरव. जे या महिन्यात वापरायचे नाहीत ते फक्त नजर ओढतात. नक्षत्रं म्हणजे नाताळचे कागदी तारे, रंगीत पताका लावलेल्या असतील तर त्याही काढ, नाहीतर मुलांच्या डोळ्यांपुढे सुट्टी तशीच लोंबत राहते. एका डब्यात टोक काढलेल्या आठ-दहा पेन्सिली, चार खोडरबर आणि पंचवीसेक सुटे कागद ठेव. सुट्टीनंतर पेन्सिल हरवलेली मुलं बरीच असतात. एकाकडे पेन्सिल नाही म्हणून तो उठतो, त्याच्यामागून तिघे उठतात, आणि काम सुरू व्हायच्या आत पाच मिनिटं गेलेली असतात. पेन्सिल का आणली नाही, हे त्या क्षणी विचारू नकोस. डबा पुढे कर, चौकशी मागाहून.

मुलं आत येतील तेव्हा फळ्यावर काम लिहिलेलं असू दे. मोठं नको, पाच मिनिटांत होईल असं. तारीख लिहा, आपलं नाव लिहा, सुट्टीत खाल्लेल्या एका पदार्थाचं चित्र काढा. दारातून आलेल्या मुलाच्या हाताला लगेच काम मिळालं की गोंधळाला जागा राहत नाही.

मग सुट्टीच्या गप्पा. त्या हव्यातच, पण एकेकाला उभं करून ‘तू काय केलंस’ विचारणं टाळ. वीस मुलांना दीड-दीड मिनिट दिलं तरी अर्धा तास होतो, आणि बोलणारा एकटा असताना बाकीचे एकोणीस ताटकळतात. शिवाय एखाद्याच्या घरी या सुट्टीत कुणी गेलेलं असतं, एखादं मूल दहा दिवस बांधकामाच्या जागेवर आईबरोबर बसून असतं. सगळ्यांसमोर त्याला सांगण्यासारखं काही नसतं. त्यापेक्षा जोड्या कर. प्रत्येकाने एक मिनिट बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं, मग पाळी बदलायची. विषय असा दे जो प्रत्येकाकडे असतो: सुट्टीत चाखलेली एक गोष्ट, ऐकलेला एक आवाज, बघितलेलं एक जनावर किंवा झाड. त्यानंतर लिखाण. पहिलीला चित्र आणि त्याखाली एक शब्द, दुसरीला दोन वाक्यं, तिसरी-चौथीला पाच.

इथे भाषेकडे लक्ष दे. बहुतेक मुलं सुट्टीभर घरी कोंकणीत बोललेली असतात, काही कन्नडमध्ये किंवा हिंदीत. पुस्तकातली मराठी जिभेवर यायला दोन दिवस जातात. पहिल्या दिवशी घरच्या भाषेत बोललं तर अडवू नकोस. नेवरी, दोदोल (नाताळचे गोड पदार्थ), गोठो (येशूच्या जन्माचा देखावा) असे शब्द फळ्यावर जसेच्या तसे लिही आणि त्यांच्याभोवतीचं वाक्य मराठीत करायला मदत कर. लिहिण्याआधी तेच वाक्य दोनदा तोंडी म्हणून घेतलंस तर चुका बऱ्याच कमी होतात.

आता रीत पुन्हा शिकवायची म्हणजे काय, ते नीट सांगते, कारण सगळं इथेच अडतं. सगळ्या सवयी एकदम धरू नकोस, तीनच निवड: तुझी गप्प होण्याची खूण, दप्तर ठेवून वही काढणं, आणि पाण्याला किंवा शौचालयाला जाणं. प्रत्येकीला चार मिनिटं दे. आधी तू करून दाखव, मग एक मूल करून दाखवेल, मग सगळे करतील, आणि चुकलं तर न रागावता पुन्हा पहिल्यापासून. पहिले तीन दिवस दिवसातून तीनदा. खूण कुठलीही चालेल: टाळ्यांचा ठेका, घंटी, वर केलेला हात. चुकतं ते पुढे. खूण दिल्यावर निम्मा वर्ग गप्प होतो आणि आपण बोलायला लागतो. उरलेल्या निम्म्यांना त्यातून कळतं की या खुणेला गप्प व्हायलाच हवं असं नाही. शेवटचं मूल तुझ्याकडे बघेपर्यंत तोंड उघडू नकोस. दहा सेकंदांत शांतता झाली नाही तर खूण पुन्हा दे, पण आवाज चढवू नकोस.

सूचनाही एका वेळी एकच. ‘वही काढा, पान ३२ उघडा, तारीख घाला आणि वरची तीन गणितं उतरवा’ या चार सूचना आहेत. दुसरीतल्या मुलाच्या डोक्यात त्यातल्या दोन टिकतात, बाकीची शेजाऱ्याला विचारून घेतो, आणि त्या विचारण्याला आपण गलका म्हणतो. पान क्रमांक फळ्यावर लिही, एक कृती झाली की दुसरी सांग.

एका कामावर किती वेळ बसवायचं, याला माझा अंदाज असा: पहिल्या दिवशी पहिली-दुसरीला आठ मिनिटं, तिसरी-चौथीला बारा. चौथ्या दिवसापासून बारा आणि अठरा. मध्ये दोन मिनिटं उभं राहून हातपाय हलवायचे, टाळ्यांच्या ठेक्यावर पाढा म्हणायचा. वेगाने सुरू कर आणि सावकाश संपव. शेवटची टाळी अगदी हळू, मग दोन लांब श्वास. उड्या मारून लगेच बसवलंस तर पुढची पाच मिनिटं त्या उड्यांतच जातात. पळापळीचे खेळ मधल्या सुट्टीसाठी राहू देत.

तुझ्याकडे दोन इयत्ता एकत्र बसतात, म्हणून पहिल्या आठवड्यात एक नियम पक्का ठेव: दोन्ही गटांना एकाच वेळी तुझी गरज लागेल असं काम देऊ नकोस. थोरल्यांना शिकवताना धाकट्यांच्या हातात चिंचोके दे, दहा-दहाचे ढीग करायला आणि मोजून लिहायला. काजूबिया मात्र मोजायला देऊ नकोस. कच्च्या बीच्या टरफलातल्या तेलाने कातडी भाजते, आणि मुलं बी दातांनी फोडून बघतातच.

उजळणी तिसऱ्या मिनिटाला कंटाळवाणी होते, कारण आपणच सगळं पुन्हा सांगत सुटतो. सांगू नकोस, आठवायला लाव. रोज पाच प्रश्न, पुस्तक मिटून, सुट्या कागदावर: दोन डिसेंबरच्या अभ्यासातले, दोन नोव्हेंबरचे, एक पावसाळ्यातला. मग उत्तरं फळ्यावर लिही आणि ज्याची त्याने दुरुस्त करायची. गुण देऊ नकोस, कागद गोळाही करू नकोस. फक्त फिरताना कुठे अडतात ते बघ. वाचन लवकर परत येतं. रेंगाळतात ते सहा ते नऊचे पाढे, जोडाक्षरं आणि हातच्याची वजाबाकी. ५२ मधून २७ वजा करायला दिल्यास निदान दोन-तीन वह्यांत ३५ दिसेल. मुलाने सातातून दोन काढलेले असतात, कारण लहान आकडा मोठ्यातून काढायचा एवढंच लक्षात राहिलेलं असतं. रीत पुन्हा घोकून घेऊन हे सुटत नाही. माडाच्या हिरांचे, म्हणजे झावळीच्या काड्यांचे, तुकडे कर, दहा-दहाच्या पाच जुड्या आणि दोन सुटे समोर ठेव आणि आधी सात काढायला सांग. दोनातून सात निघत नाहीत, हे हातालाच कळतं. जुडी सोडावी लागते, मग सुटे बारा होतात, जुड्या चार उरतात, त्यांतून सात सुटे आणि दोन जुड्या काढल्या की २५ आपोआप येतात. असे तीन हिशेब हिरांनी झाले की मगच वहीत.

तोंडी प्रश्न विचारल्यावर थांब. मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९७४ मध्ये मांडलं होतं की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एखादा सेकंदच थांबतात, आणि तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांब होतात, गप्प राहणारी मुलंही बोलतात. सुट्टीनंतर तर पाच सेकंद थांबलीस तरी हरकत नाही. मनात आकडे मोज, नाहीतर तीन सेकंद फार मोठे वाटतात.

नवा भाग तिसऱ्या दिवसापासून, पण लहानसा. आठवडाभर नुसती उजळणी केलीस तर हुशार मुलं कंटाळून दुसऱ्यांना छळतात. २६ जानेवारीच्या कवायतीचा आणि स्नेहसंमेलनाच्या नाचाचा सराव याच पंधरवड्यात येतो. तो दिवसाच्या शेवटच्या अर्ध्या तासात बसवून घेण्यासाठी मुख्याध्यापकांशी पहिल्याच दिवशी बोल. सकाळी नाच झाला की त्यानंतरचं गणित वाया जातं.

गावी गेलेली मुलं आठवडा उलटून परततील. त्यांना सगळ्यांसमोर ‘इतके दिवस कुठे होतास’ विचारू नकोस, आणि बुडालेलं सगळं उतरवून घ्यायलाही लावू नकोस. नुसतं उतरवल्याने काही शिकणं होत नाही. शांत स्वभावाच्या मुलाशेजारी बसव आणि जे आल्याशिवाय पुढचं अडेल अशा तीनच गोष्टी दे.

आणि रोज संध्याकाळी वहीत तीन ओळी लिही, कोण कुठल्या वेळी भरकटलं त्याच्या. दोन आठवड्यांनंतरही एकच मूल बसत नसेल, तर या ओळी उपयोगी पडतात. रोज फळ्यावरून उतरवतानाच भरकटत असेल तर डोळे तपासायला सांग. मागे बसल्यावर सूचना चुकत असतील तर कान, कारण या थंडीत सर्दीने कान बसतात. आहाराआधीच्या तासाला रोज चिडत असेल तर सकाळी काय खाऊन आला ते विचार. यातलं काहीच नसेल आणि मूल पूर्वीपेक्षा गप्प झालं असेल, तर त्याला मधल्या सुट्टीत एखादं काम सांगून तुझ्याजवळ ठेव, थोडं बोलू दे, आणि मुख्याध्यापकांच्या कानावर घालून मगच घरी भेटायला जा.

तुझी,
बाई