आवडत्या छापील कापडाला कात्री लावण्याआधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

जळगावच्या फुले मार्केटमधून घेतलेले मोठ्या फुलांचे निळे सुती कापड इतके आवडले आहे की त्याला कात्री लावण्याचा धीर होत नाही, असे तू लिहितेस. घाई करत नाहीस हे फार चांगले आहे, कारण छापील कापडाचा ड्रेस मशीनवर बसण्याआधीच, बेतताना, साधतो किंवा बिघडतो. साध्या कापडात बेताची लहानसहान चूक झाकली जाते. मोठ्या बुट्ट्याच्या कापडात ती चारचौघांत दिसते. सुती घेतलेस तेही योग्यच केलेस. वैशाखात आपल्याकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा पॉलिएस्टरचा कितीही देखणा छापा अंगावर नकोसा होतो.

पहिले काम धुण्याचे. नवे सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण 3 ते 5 टक्के आटते, म्हणजे तुझ्या तीन मीटर कापडातले 9 ते 15 सेंटीमीटर जाऊ शकतात, आणि हे शिवल्यानंतर घडले तर ड्रेस आखूड होतो. रंग गडद असल्यामुळे आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने एक कोपरा चोळून पाहा. फडक्याला निळा डाग आला तर कापड रंग जायचा थांबेपर्यंत वेगळे धू, आणि सावलीतच वाळव, कारण आपले ऊन गडद रंग लवकर उडवते. किंचित ओलसर असतानाच उभ्या धाग्याच्या दिशेने इस्त्री कर.

आता कापड स्वच्छ चादरीवर पूर्ण उलगडून टाक आणि नुसते पाहा. सगळी फुले एकाच दिशेने वर तोंड करून आहेत का? तशी असतील तर पुढचा भाग, मागचा भाग आणि दोन्ही बाह्या एकाच दिशेने बेताव्या लागतील. कापड वाचवण्यासाठी एखादा भाग उलटा लावलास तर त्यावरची फुले खाली माना टाकतील. मग एका फुलाच्या मध्यापासून वर त्याच जागी येणाऱ्या पुढच्या फुलाच्या मध्यापर्यंत टेपने मोज. हे अंतर, समजा, 30 सेंटीमीटर भरले, तर नक्षी जुळवण्यासाठी किमान तेवढे कापड जास्तीचे लागेल. फुलांची आडवी ओळ किनारीशी काटकोनात आहे का, हेही तपास. पुढच्या वेळी ही तपासणी दुकानातच कर, कारण तिरका छापा घरी आणल्यावर सरळ करता येत नाही.

नमुना निवडताना मन थोडे आवर. कळ्या, योक (खांद्याजवळचा वेगळा जोडलेला भाग), टक्स (शिवलेल्या बारीक घड्या), चुण्या असे सगळे एकाच ड्रेसमध्ये घालण्याचा मोह होतो, पण प्रत्येक जोड फूल कापत जातो. मोठ्या छाप्याला साधा गळा, सरळ बाही आणि कमरेशी चुण्या घातलेला घेर पुरे; तेवढ्याने कापडच बोलेल. बारीक बुट्टीचे कापड असते तर मी तुला चुण्यांचा योक शिवायला आनंदाने सांगितले असते.

आता सर्वांत महत्त्वाचे. कापडाची दुहेरी घडी घालून बेतू नकोस, कारण खालच्या थरावर नक्षी कुठे येते ते दिसत नाही. पुढच्या भागाचा अर्धा नव्हे, पूर्ण मापाचा कागदी नमुना काप. तो पातळ पतंगाच्या कागदाचा असला तर खालची फुले दिसतात. तो सुलट बाजूवर ठेवून सरकवत राहा: मोठे फूल नेमके छातीच्या उंचवट्यावर येऊ नये, गळ्याने त्याचे अर्धे डोके उडू नये, आणि पुढच्या मध्यरेषेवर नक्षीचा मध्य यावा. जागा पटली की बाजूच्या शिवणीजवळच्या फुलाची पाकळी पेन्सिलीने कागदावरच गिरव. मागच्या भागाच्या कागदावरही शिवणीच्या रेषेवर, मुंढ्यापासून (बाही जोडायच्या गोलाईपासून) तेवढ्याच अंतरावर तीच खूण कर, म्हणजे तो ठेवताना फूल कुठे यायला हवे ते आपोआप कळेल. जुळणी शिवणीच्या रेषेवर पाहायची, मायेच्या, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेल्या जास्तीच्या कापडाच्या, कडेवर नाही. इथे बहुतेक जणी चुकतात. मुंढ्याखालची बाजूची शिवण जुळली की पुष्कळ झाले. खांद्याला उतार असतो, चुण्यांत नक्षी गोळा होते. तिथे जुळवण्याचा हट्ट धरू नकोस.

हे सगळे करण्याआधी वरचा भाग मांजरपाटाचा किंवा जुन्या चादरीचा शिवून अंगावर घालून बघ, आणि मुंढा, छाती व कमर यांतले फरक कागदावर उतरव. आवडीचे कापड मापे शिकण्यासाठी खर्ची घालायचे नसते.

शिवताना टाचण्या फुलांच्या कडांवर लाव, धावदोरा घाल, उलटून पाहा आणि मगच टीप घाल. सुई नवी, 14 नंबरची असू दे. दोरा फुलाच्या रंगाचा न घेता कापडाच्या जमिनीच्या, म्हणजे फुलांमागच्या, निळ्याशी उजेडात जुळवून घे. गळ्याला उरलेल्या तुकड्यांतून उरेप (तिरकी कापलेली) पट्टी काढ.

कागद कापडावर ठेवलास की त्याचा वरून फोटो काढून मला पाठव. मी पाहून कळवेन, मग कात्री चालव.

तुझ्या शिवणवर्गाच्या बाई