उंची कमी पडली म्हणून परत आलेल्या लेफ्ट बॅकला

प्रिय पोरा,

परवा रात्री निवड चाचणीहून तुझा मेसेज आला, "सर, नाही घेतलं. उंची कमी पडते म्हणाले." मी लगेच फोन लावणार होतो. पण फोनवर तू नुसतं 'हो सर, हो सर' करतोस आणि मनातलं मनातच ठेवतोस, हे मला चार वर्षांत चांगलं कळलंय. म्हणून लिहायला बसलो. सावकाश वाच. घरी आईबाबांनाही दाखव, यातलं थोडं त्यांच्यासाठी आहे.

तू लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या कडेचा बचावपटू, म्हणून एका लेफ्ट बॅकचीच गोष्ट सांगतो. अँडी रॉबर्टसन. लिव्हरपूलच्या लाल जर्सीत २६ नंबर घालून खेळलेला. चॅम्पियन्स लीगचा चषक, प्रीमियर लीगची दोन विजेतेपदं, स्कॉटलंडचं कप्तानपद. त्याच्या क्रॉसचे, कडेवरून गोलसमोर टाकलेल्या चेंडूंचे, व्हिडिओ तुझ्या फोनमध्ये भरलेत. पण त्या व्हिडिओंच्या आधीची वर्षं तुला ठाऊक नसणार, आणि आज तुझ्या कामाची तीच आहेत.

तो ग्लासगोचा. जन्म मार्च १९९४ चा. आपल्या कोल्हापुरात फुटबॉल संघ पाटाकडील की शिवाजी हे जसं घरातच ठरलेलं असतं, तसं ग्लासगोत सेल्टिक की रेंजर्स हे ठरलेलं असतं. हा सेल्टिकचा. आणि नुसता चाहता नव्हे, सेल्टिकच्याच अकादमीत वाढलेला. ज्या क्लबसाठी घसा बसेपर्यंत ओरडायचं, त्याच क्लबचे कपडे घालून सराव करायचा. त्या वयाच्या पोराला आणखी काय हवं? पंधराव्या वर्षी त्याला सांगितलं गेलं की तू अंगानं लहान आहेस, तुला ठेवत नाही.

तुझं आणि त्याचं इथपर्यंत अगदी एक आहे. आता तो पुढं कुठं गेला ते बघ.

तो क्वीन्स पार्कला गेला. १८६७ साली निघालेला, स्कॉटलंडमधला सगळ्यात जुना क्लब. ब्रीदवाक्य लॅटिनमध्ये आहे, अर्थ एवढाच की खेळायचं ते खेळण्यासाठी. हे नुसतं भिंतीवर लिहिलेलं नव्हतं. २०१९ पर्यंत त्या क्लबनं कुठल्याही खेळाडूला खेळायचे पैसे दिले नाहीत. २०१२-१३ च्या हंगामात क्वीन्स पार्क स्कॉटलंडच्या चौथ्या पायरीवरच्या लीगमध्ये होता, आणि अठरा वर्षांचा रॉबर्टसन तिथं पहिल्या संघात लेफ्ट बॅकला उभा राहिला. क्लबचं तेव्हाचं घरचं मैदान म्हणजे हॅम्पडन पार्क, राष्ट्रीय स्टेडियम, पन्नास हजारांवर माणसं बसतील एवढं. एरवीच्या सामन्याला शे-पाचशे लोक यायचे. एवढ्या रिकाम्या खुर्च्यांपुढं खेळताना प्रत्येक हाक, प्रत्येक शिवी स्वच्छ ऐकू येत असेल.

खिशात पैसे नव्हते. त्याच हॅम्पडनमध्ये तो फोनवर तिकिटांची बुकिंगं घ्यायचं काम करायचा. ऑगस्ट २०१२ मध्ये त्यानं ट्विटरवर लिहिलं होतं, की या वयात पैशाविना जगणं बेकार आहे, काम हवंय. ते ट्विट पुढं जगभर फिरलं. लोक ते आता कौतुकानं दाखवतात, पण ज्या दिवशी लिहिलं त्या दिवशी त्यात कौतुकाचं काही नव्हतं. नडलेल्या पोरानं लिहिलेली ती एक ओळ होती.

आईबाबांसाठी इथं एक गोष्ट. शाळा संपल्यावर त्यानं घरच्यांशी बोलून ठरवलं होतं की एक वर्ष फुटबॉलला द्यायचं, नाही जमलं तर युनिव्हर्सिटीत जायचं. मला हा भाग फार आवडतो. घरच्यांनी "खेळ सोड" म्हटलं नाही आणि त्यानंही "सगळं सोडून खेळतो" म्हटलं नाही. मुदत ठरली, पर्याय ठरला, मग डोकं शांत ठेवून खेळता आलं. तुझी बारावी पुढच्या वर्षी आहे. ती दे. नीट दे. त्यानंतर एक वर्ष मागून घे. बाबांशी मी बोलेन, पण आधी तू बोल.

आता तुझ्यासमोरचा खरा प्रश्न. एका बाजूला ती दुसऱ्या शहरातली मोठ्या नावाची अकादमी, फी भरून. टी-शर्टवर नाव येईल, हॉस्टेल मिळेल, पण तुझ्या जागेवर तिथं आधीच दोघं आहेत आणि सामने मिळतील याची खात्री कोणी देत नाही. दुसऱ्या बाजूला आपल्याकडचा सीनियर संघ, जो तुला या हंगामापासून खेळवायला तयार आहे. तू मला विचारलंस, "सर, कुठं नाव होईल?" प्रश्न चुकलाय. कुठं खेळायला मिळेल, हे विचार.

फॉरवर्डचं एकवेळ चालतं. चाचणीच्या वीस मिनिटांत दोन गोल मारले की निवडणाऱ्याच्या वहीत नाव जातं. बचावपटूचं तसं नसतं. आपलं चांगलं काम म्हणजे न घडलेली गोष्ट. तू दोन पावलं आधीच आत सरकलास, म्हणून तो पास दिलाच गेला नाही. हे वहीत कोण लिहिणार? ते दिसायला पंधरावीस सामने लागतात. आणि अंगात मुरायला मोठ्या माणसांविरुद्धचे पन्नास. दिवसभर कामावर राबून संध्याकाळी मैदानात उतरलेला तीस वर्षांचा विंगर, कडेनं चढाई करणारा, तुला खांदा मारतो, कोपर लावतो, पंचाची पाठ वळली की जर्सी ओढतो. त्याच्यासमोर पाय कसे ठेवायचे हे समवयस्क पोरांत कधीच शिकता येत नाही. रॉबर्टसनला ते चौथ्या पायरीवर मिळालं. सेल्टिकच्या बाकावर बसून मिळालं नसतं.

पुढचं भराभर घडलं, म्हणून मीही भराभर सांगतो. २०१३ च्या उन्हाळ्यात डंडी युनायटेडनं घेतलं. तिथं एकच हंगाम. त्यात स्कॉटलंडचा सर्वोत्तम तरुण खेळाडू ठरला, मार्च २०१४ मध्ये पोलंडविरुद्ध देशाकडून पहिला सामना खेळला, स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यात हरला. जुलै २०१४ मध्ये हल सिटीनं २८ लाख ५० हजार पौंड मोजून इंग्लंडला नेलं. काम मागणाऱ्या त्या ट्विटला दोन वर्षं होत होती आणि पोरगा प्रीमियर लीगमध्ये खेळत होता. हल मात्र २०१५ ला खालच्या लीगमध्ये गेला, २०१६ ला वर आला, २०१७ ला पुन्हा खाली. तीन वर्षांत दोनदा घसरण. तरी लिव्हरपूलनं खाली गेलेल्या संघातून त्याला उचललं, सुरुवातीची किंमत ८० लाख पौंड. मोठ्या क्लबांच्या हिशेबात ती किरकोळ रक्कम होती.

तिथं गेल्यावर पुन्हा थांबणं आलं. ऑगस्ट २०१७ मध्ये क्रिस्टल पॅलेसविरुद्ध खेळला, चांगला खेळला, आणि नंतरचे महिने बहुतेक बाहेरच बसला. अल्बर्टो मोरेनो त्याच्या जागेवर होता. डिसेंबरात मोरेनो जखमी झाला आणि दार उघडलं. तू म्हणशील, नशीब. असेल. पण दार उघडलं तेव्हा प्रशिक्षक क्लॉपची दाब टाकत खेळायची पद्धत रॉबर्टसनच्या पायांत बसलेली होती. ती सामन्यात बसली नव्हती, सरावात बसली होती, कोणी बघत नसताना.

१४ जानेवारी २०१८ चा सामना शोधून बघ. लिव्हरपूल विरुद्ध मँचेस्टर सिटी, लिव्हरपूलच्या घरच्या ॲनफील्डवर. सिटी तोवर त्या लीगमध्ये एकही सामना हरलेली नव्हती. लिव्हरपूल ४-१ पुढं. अशा वेळी लेफ्ट बॅकनं काय करावं? आपली जागा धरावी, श्वास घ्यावा. हा गडी जागा सोडून धावत सुटला. एकावर गेला, त्यानं चेंडू दिला; हा चेंडूमागं. पुढच्यानंही दिला, हा पुन्हा मागं. असं करत थेट गोलकीपर एडरसनपर्यंत पोहोचला, एडरसननं बाजूला ओटामेंडीला दिला, तर तिथंही हा हजर, आणि शेवटी फाऊल करून थांबला. स्टेडियम उभं राहिलं. एका फाऊलसाठी! सामना शेवटी ४-३ असा जेमतेम सुटला.

तो सामना मी तुला नुसत्या धावण्यासाठी बघायला सांगत नाही. तो कसा जातो ते बघ. चेंडूकडं जाताना तो सरळ रेषेत जात नाही, किंचित वळसा घेऊन जातो, म्हणजे मागचा पास त्याच्या अंगाआड झाकला जातो. समोरच्याला एकच वाट उरते, आणि ती कोणती हे यानं आधीच ठरवलेलं असतं. याला उंची लागत नाही. तू हे आत्ता निम्म्या वेळा करतोस. उरलेल्या निम्म्या वेळा चेंडूवर सरळ तुटून पडतोस आणि मग विंगर तुला चुकवून जातो. गेल्या महिन्यातल्या शाहू स्टेडियमवरच्या सामन्यात दोनदा झालं. आठवतंय ना?

आणि उंचीचंच म्हणशील, तर २ नोव्हेंबर २०१९, ॲस्टन व्हिला. लिव्हरपूल एका गोलनं मागं, ८७ वं मिनिट. त्याचा साथी सादिओ मानेनं क्रॉस टाकला आणि लांबच्या खांबाशी उडी मारून हेडरनं बरोबरी करणारा होता रॉबर्टसन. पंधराव्या वर्षी लहान ठरलेला. पुढं मानेनं जिंकून दिलं, आणि त्या हंगामात क्लबनं ३० वर्षांनी लीग जिंकली.

आता एक माझं सांगतो. हे मी कोणाला फारसं सांगितलेलं नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका निवडीला मी बसलो होतो. तुझ्याच वयाचा एक पोरगा, राइट बॅक. चेंडू कुठं येणार हे त्याला आधी कळायचं. मी त्याच्या नावापुढं 'अंगानं कमी' असं लिहिलं आणि खाली सही केली. यादी वाचून दाखवली तेव्हा तो काही बोलला नाही. बाकड्यावर बसून त्यानं बूट काढले, टाचेनं एकमेकांवर आपटून माती झाडली, एका दुकानाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत एकावर एक उलटे ठेवले, पिशवीला गाठ मारली. ती गाठ त्यानं दोनदा मारली. मग मला नमस्कार करून गेला. नंतर तो मैदानात कधीच दिसला नाही. वर्षभरानं बाजारात भेटला तर माझ्या खांद्याच्या वर गेला होता.

सोळा वर्षांच्या पोराची उंची ही त्या दिवसाची उंची असते. मी तेव्हा हे विसरलो. तुला ज्यांनी नाकारलं त्यांच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही, कारण त्या खुर्चीत मी बसलेलो आहे. पण त्या पोराच्या मागं मी गेलो नाही, त्याच्या घरी जाऊन 'दुसरीकडं खेळ' असं सांगितलं नाही, हे मला अजून टोचतं. म्हणून तुला हे पत्र इतकं लांबलंय.

चुकांबद्दलही थोडं. बचावपटूची चूक धावफलकावर लागते. रॉबर्टसन २०१८ च्या सप्टेंबरात स्कॉटलंडचा कप्तान झाला आणि कप्तान म्हणून पहिल्याच सामन्यात बेल्जियमकडून ४-० हरला. त्याच्याच कप्तानपदात संघ २०२० च्या नोव्हेंबरात सर्बियाला पेनल्टींवर हरवून युरोला, युरोपातल्या देशांच्या स्पर्धेला, पोहोचला, बावीस वर्षांनी पुरुषांच्या मोठ्या स्पर्धेत. पुन्हा २०२४ च्या युरोत पहिल्याच सामन्यात जर्मनीनं ५-१ धुतलं. आणि २०२५ च्या उन्हाळ्यात लिव्हरपूलनं त्याच्या जागेसाठी मिलोश केर्केझ नावाचा तरुण लेफ्ट बॅक आणला. एकतिसाव्या वर्षी रॉबर्टसन पुन्हा बाकावर. त्याच जुलैत त्याचा जवळचा मित्र आणि संघातला साथी दियोगो जोटा गाडीच्या अपघातात गेला.

त्या वर्षीच्या १८ नोव्हेंबरला हॅम्पडनवर डेन्मार्कशी सामना होता. जिंकलं तर १९९८ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड कप. स्कॉटलंड १-० पुढं असताना आपल्या गोलसमोरच्या पेटीत रॉबर्टसनकडून फाऊल झाला, डेन्मार्कला पेनल्टी मिळाली, बरोबरी झाली. कप्तानाच्या चुकीनं. विचार कर, ज्या मैदानावर अठराव्या वर्षी फुकट खेळला, जिथं फोनवर तिकिटं घेतली, तिथंच, भरलेल्या स्टेडियमसमोर. तो खेळत राहिला. स्कॉटलंडनं पुन्हा आघाडी घेतली, डेन्मार्कनं पुन्हा फेडली, आणि नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेत कीरन टिअर्नीनं तिसरा गोल मारला. टिअर्नी मुळात लेफ्ट बॅक. देशाच्या संघात कित्येक वर्षं रॉबर्टसनच्याच जागेचा दावेदार. मग केनी मॅकलीननं अर्ध्या मैदानावरून चौथा टाकला. सामना संपल्यावर रॉबर्टसननं सांगितलं की दिवसभर तो जोटाचाच विचार करत होता. वर्ल्ड कपबद्दल दोघं कितीदा बोलले होते, २०२२ चा दोघांचाही हुकला होता.

पेनल्टीनंतरची त्याची पुढची दहा मिनिटं मिळाली तर बघ. तू चूक झाल्यावर मागं सरकतोस, चेंडू मागायचा थांबतोस. तो मागत राहिला का, कुठं उभा राहून मागितला, हे मला लिहून पाठव.

सीनियर संघाच्या सेक्रेटरींना मी शनिवारपर्यंत थांबायला सांगितलंय. घरी बोलून मला कळव. आणि रविवारी सहाला मैदानावर ये. डाव्या पायानं, धावत्या चेंडूवर, न थांबवता क्रॉस मारायचे आहेत. चेंडू मी आणतो. गेल्या वेळी तुझ्या डाव्या बुटाचा तळवा पुढून सुटलेला दिसला होता, तो आधी शिवून घे.

तुझा,
सर