प्रश्न पोटाचे: मोठ्या आतड्यापर्यंत काय पोहोचतं?

प्रश्न: मला एक दिवसाआड शौचाला होते. घरचे म्हणतात, रोज पोट साफ झालं नाही तर अंगात विष भिनतं. रोज रेचक घेऊ का?

नको. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातलं काहीही चालतं. वेळा मोजण्यापेक्षा रूप पाहा. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या 'ब्रिस्टल तक्त्या'त मलाचे सात प्रकार आहेत. पहिला सुट्या, कडक खड्यांचा, सातवा निव्वळ पाण्यासारखा. तिसरा-चौथा असेल आणि कुंथावं लागत नसेल, तर निर्धास्त राहा.

विषाची भीती जुनी आहे. शतकभरापूर्वी लंडनमध्ये विल्यम आर्बथनॉट लेन नावाचे सर्जन याच समजुतीपायी बद्धकोष्ठाच्या रुग्णांचं मोठं आतडंच काढून टाकत! ती उपपत्ती टिकली नाही. मलात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असतं आणि उरलेल्या कोरड्या भागाचा पाव ते निम्मा हिस्सा जिवंत-मृत जिवाणूंचा असतो.

तरी त्या समजुतीत एक कण खरा आहे. मल फार रेंगाळला की जिवाणूंचं आवडतं खाद्य, म्हणजे तंतुमय पदार्थ, संपतं. मग ते प्रथिनांकडे वळतात आणि त्यातून अमोनिया, फिनॉल असे त्रासदायक पदार्थ तयार होतात. यावर इलाज चोथा वाढवण्याचा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना रोज किमान २५ ग्रॅम तंतू सुचवते, तेही पावडरीतून नव्हे, मूळ अन्नातून.

प्रश्न: म्हणूनच कडधान्यं सुरू केली, तर पोट फुगतंय आणि चारचौघांत अवघडायला होतं. मला ती सोसत नाहीत, असं समजायचं का?

इतक्यात नाही. कडधान्यांतल्या रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्करा फोडणारं विकर (एन्झाइम) माणसाच्या लहान आतड्यात नसतंच, कुणाच्याही. त्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जिवाणू त्या आंबवतात. हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड सुटतात, काहींच्या पोटात मिथेनही. या वायूंना वास नसतो. वास येतो तो अत्यल्प प्रमाणातल्या गंधकयुक्त संयुगांचा.

याच आंबवण्यातून ब्युटिरेट नावाचं मेदाम्लही मिळतं. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी आपली सुमारे ७० टक्के ऊर्जा त्यातून घेतात. म्हणजे ज्या कामामुळे तुम्हाला अवघडायला होतं, त्याच कामावर त्या अस्तराचं पोट भरतं. तेव्हा थांबू नका, वेग कमी करा. प्रमाण निम्म्यावर आणा, भिजवलेलं पाणी फेकून द्या, नीट शिजवा आणि दर काही दिवसांनी थोडं वाढवा. काही आठवड्यांत बऱ्याच जणांचा त्रास कमी होतो. एकदम वाढवणं आणि पाणी कमी पिणं, फसतं ते इथेच.

कांदा, लसूण, गहू यांनीही पोट दुखत असेल, तर आतडं अतिसंवेदनशील असू शकतं. त्यासाठी ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाने घडवलेला 'लो फॉडमॅप' आहार (आतड्यात चटकन आंबणाऱ्या शर्करा कमी असलेला) आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली करावा. हे पदार्थ काही आठवडेच बंद ठेवून नंतर एकेक परत आणायचे असतात. लोक पहिल्या पायरीवरच महिनोन्‌महिने बसून राहतात आणि उपयोगी बिफिडोजिवाणूंची उपासमार करतात. मला याचीच जास्त काळजी वाटते.

प्रश्न: अँटिबायोटिक्सचा कोर्स संपला. आता प्रोबायोटिक कॅप्सूल घ्यायलाच हवी का?

'घ्यायलाच हवी' असं नाही. औषध चालू असताना होणारे जुलाब या कॅप्सूलमधल्या उपयोगी जिवाणूंच्या काही विशिष्ट प्रजाती थोडेफार टाळतात. पण २०१८ मध्ये इस्रायलमधल्या एका छोट्या अभ्यासात उलटच दिसलं: कोर्सनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे मूळचे जिवाणू परतायला, काहीच न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. भाज्या, फळं, डाळी असं वेगवेगळं खा. दही आवडत असेल तर जरूर. दूध न पचणाऱ्यांनाही ते बहुधा सोसतं, कारण त्यातले जिवाणू लॅक्टोज फोडायला मदत करतात. मात्र कोर्सनंतर वारंवार पाण्यासारखे जुलाब झाले, तर मनाने जुलाब थांबवणारी गोळी घेऊ नका. ते क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसाइल या त्रासदायक जिवाणूचं संक्रमण असू शकतं.

प्रश्न: आतड्यातल्या जिवाणूंची चाचणी घरबसल्या मिळते. करावी का?

पैसे वाचवा. निरोगी माणसाचे जिवाणू नेमके कसे असावेत, याचं सर्वमान्य मापच अजून ठरलेलं नाही.

प्रश्न: मलाचा रंग बदलला की घाबरावं का?

तपकिरी रंग जिवाणूंचीच करामत. पित्तातल्या बिलिरुबिन या रंगद्रव्यावर ते प्रक्रिया करतात, त्यातून तो येतो. बीटाने लाल, लोहाच्या गोळ्यांनी काळा, पालेभाज्यांनी हिरवट होतो. त्याचं काही नाही. पण मातकट-पांढरा रंग टिकला, तर पित्ताचा मार्ग अडलेला असू शकतो. डांबरासारखा काळा, चिकट मल जठर किंवा त्यापुढच्या भागातला रक्तस्राव सुचवतो. तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठा. लाल रक्त दिसलं तर 'मूळव्याधच असेल' हे परस्पर ठरवू नका, विशेषतः वजन उतरत असेल किंवा पंचेचाळिशीनंतर सवय अचानक बदलली असेल तर. वर्णन करायला लाज वाटत असेल, तर मोबाइलवर फोटो काढून न्या. आम्हाला तेच सोयीचं पडतं.