पणजोबांच्या दप्तरातील मोडी खते स्वतः वाचायला कसे शिकावे?

पारोळ्याकडील घराच्या माळ्यावर पणजोबांच्या काळची मोडी खते, म्हणजे जमीन-कर्जाचे दस्त, सापडली, महिनाभर मुळाक्षरे गिरवली, तरीही एक ओळ सलग लागत नाही, तेव्हा पुढे काय करावे, असे आपण विचारले आहे. मी बरीच वर्षे धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतील जमिनीच्या जुन्या कागदांचे लिप्यंतर करत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की आपण अक्षरांपाशी अडलेला नाही. खत कोणत्या क्रमाने आणि कोणत्या शब्दांत लिहिले जाई, याची ओळख नसल्यामुळे अडला आहात.

मोडीत आधी कागदभर आडवी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे लिहीत जात. शब्द सुटे लिहीत नसत, विरामचिन्हे नसत, इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घ भेद नसे. त्यामुळे अक्षराला अक्षर जोडत गेलात तर दोन ओळींतच दमाल. खताची भाषा मात्र जवळजवळ ठरलेली असे: आरंभी मिती, मग लिहून घेणार आणि लिहून देणार यांची नावे, जात, धंदा, वय व गाव, मग ‘कारणे’, मग रक्कम कशी भरून पावली ते, त्यानंतर सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकार म्हणजे शेतसारा व चतुःसीमा म्हणजे चारी बाजूंच्या हद्दी, आणि शेवटी ‘हे खत लिहून दिले सही’ व साक्षीदार. आपल्या गठ्ठ्यात नंतरच्या काळातील बाळबोध म्हणजे देवनागरी अक्षरांतले एखादे खत असेल तर आधी तेच चार वेळा मोठ्याने वाचा. तो ठेका कानात बसला की मोडीतील ‘पूर्वेस’, ‘पश्चिमेस’ हे शब्द आपोआप सापडतात, आणि त्या खात्रीच्या शब्दांतून त्या लेखकाचे प, र, व, स कसे वळतात याचा तक्ता आपल्याला करता येतो. प्रत्येक हाताचा तक्ता वेगळा करावा लागतो. छापील वर्णमालेवर विसंबून माझे स्वतःचे पहिले सहा महिने वाया गेले.

आखूड रूपे वेगळी पाठ करावी लागतात. मौ।। म्हणजे मौजे, बि।। म्हणजे बिन, अर्थात अमक्याचा मुलगा, आणि को।। म्हणजे कोम, अर्थात अमक्याची बायको. आपल्या खानदेशात ‘बिन’च्या जागी ‘वल्लद’ पुष्कळ आढळते. उखा, दगा, झिपरू, सुपडू, लोटन ही नावे आपल्या कानांना सवयीची आहेत, हा आपला मोठा फायदा आहे. बाहेरचा वाचक तिथे भलताच शब्द लावून मोकळा होतो.

एका शब्दाने सगळा व्यवहार कसा फिरतो, ते एका उदाहरणाने सांगतो. एका कुटुंबाने मला दिलेल्या कागदावर ‘गहाण लहान’ असे शब्द होते, आणि घरातील शिकलेल्या मुलाने त्याचा अर्थ लहानसे गहाण असा लावला होता. प्रत्यक्षात मुदतीत पैसे फेडले नाहीत तर गहाण ठेवलेली मिळकत सावकाराचीच होईल, अशा अटीच्या गहाणाला हे नाव होते. त्या दोन शब्दांत त्या घराचे शेत का गेले, याचे उत्तर होते. म्हणून आपल्याला सोपा वाटलेला शब्दही कोशात पाहावा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात वसुली आणि सावकारीचे पुष्कळ जुने शब्द मिळतात.

मितीच्या बाबतीत माझ्याकडून झालेली चूक आपण टाळावी. ‘शके १८०० बहुधान्यनाम संवत्सरे, माघ शुद्ध’ अशी मिती असलेल्या खताला मी शकात ७८ मिळवून १८७८ साल लिहिले होते. कागदाच्या पाठीवर स्टँपविक्रेत्याचा शेरा होता, त्यावर १८७९ असे स्वच्छ लिहिलेले होते. जानेवारी ते फाल्गुन या काळात शकात ७९ मिळवावे लागतात. फसली साल, म्हणजे महसुलाचे वर्ष, जूनच्या सुरुवातीला मृग नक्षत्र लागते तेव्हा बदलते, म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९० आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ५९१ मिळवावेत. व्यापाऱ्यांच्या कागदांत विक्रम संवत असतो आणि तो दिवाळीच्या पाडव्याला बदलतो. एकाच खतात दोन कालगणना असतील तर त्या एकमेकींशी ताडून पाहाव्यात. खताच्या मजकुरात ‘पूर्व खानदेश’ असे आले असेल तर ते खत १९०६ च्या आधीचे असू शकत नाही, कारण तोवर खानदेश हा एकच जिल्हा होता.

आकड्यांपुढील उभ्या रेघांना दंड समजू नका. एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. सोळा आण्यांचा रुपया, बारा पैंचा आणा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर ही कोष्टके हाताशी ठेवावीत.

लिप्यंतर करताना मूळ ओळ जिथे संपते तिथेच आपली ओळ संपवावी आणि ओळींना क्रमांक द्यावेत. शुद्धलेखन सुधारू नये. शंकेचा शब्द चौकटी कंसात प्रश्नचिन्हासह लिहावा, फाटलेल्या जागी टिंबे द्यावीत, आणि अर्थ वेगळ्या कागदावर मांडावा. वाचलेले आणि तर्काने लावलेले एकत्र झाले, तर पुढे वाटणीच्या वेळी भाऊबंद त्या लिप्यंतराच्या भरवशावर भांडतील, आणि ती जबाबदारी आपल्यावर येईल. अंगठा, नांगराची किंवा बांगडीची निशाणी, पाठीवरचे शेरे हेही सगळे नोंदवावे. खत नोंदणीकृत असेल, तर दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातील पुस्तकात त्याची नक्कल असते. ती दुसऱ्या हातची असल्यामुळे मूळ कागदावर अडलेला शब्द तिच्यात बऱ्याचदा लागतो. कागद लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. तिरप्या उजेडात दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढून मूळ कागद सुती कापडात ठेवा.

शिकण्यासाठी राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेते, त्यांची चौकशी करावी. इतिहासाचार्य राजवाडे यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये स्थापन झालेले धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ आपल्याला जवळ आहे. गठ्ठ्यातील एखादा कर्जरोखा आधी घ्या, कारण तो आठदहा ओळींत संपतो आणि त्यात चतुःसीमा नसते. त्यानंतर खरेदीखत घ्या. वाटणीपत्राला सर्वांत शेवटी हात घाला, कारण त्यात भांड्याकुंड्यांपासून विहिरीच्या पाळीपर्यंत सगळे लिहिलेले असते, आणि त्यातले शब्द ठरलेल्या साच्यात बसत नाहीत.