आरसे शिकवताना किरणाकृती आधी नको

पहिल्यांदाच गोलीय आरसे शिकवताय ना, मग एक करा, फळ्यावर किरण काढायची घाई अजिबात करू नका. अंतर्गोल आरसा (आतल्या बाजूला खोलगट असलेला) हातात घ्या, खोलीतले लाईट बंद करा आणि खिडकीबाहेरच्या झाडाची प्रतिमा कागदावर पाडून दाखवा, उलटी आणि छोटी, आणि आरसा ते कागद अंतर मोजायला सांगा, तेच साधारण नाभीय अंतर. आता मुलांना नाभी म्हणजे काय, म्हणजे लांबून येणारे किरण आरशावर आपटून जिथे एकत्र येतात तो बिंदू, हे वेगळं सांगावं लागत नाही. (सूर्याकडे मात्र आरसा धरायचा नाही, डोळ्यांना खरंच धोका आहे.)

मग मेणबत्ती. नाभीय अंतर १० सेमी असेल तर मेणबत्ती ३० सेमीवर ठेवा, प्रतिमा १५ सेमीवर निम्म्या उंचीची मिळते, आणि मेणबत्ती १५ वर आणली की प्रतिमा ३० वर दुप्पट. या अंतरांना जोडणारं सूत्र यानंतर द्या, अंतरांची अधिक-उणे चिन्हं तर अजून नंतर, कारण मुलं गोंधळतात ती चिन्हांतच.

आणि हे नक्की विचारा, अर्धा आरसा पुठ्ठ्याने झाकला तर काय होईल? बहुतेक जण अर्धी प्रतिमा म्हणतील. झाकून दाखवा, प्रतिमा पूर्णच राहते, फक्त अंधुक होते, कारण ज्योतीच्या प्रत्येक बिंदूतून निघालेले किरण आख्ख्या आरशावर पडत असतात. इथे भरपूर वेळ द्या, मुलांना भांडू द्या, मला तरी हा या धड्याचा गाभा वाटतो.

बहिर्गोल (बाहेर फुगीर) आरसा पटकन होतो, प्रतिमा कायम आभासी (कागदावर न पडणारी), सुलटी, लहान.